दुखणं थांबलं, पण हाडानं अजून धरलेलं नाही

नागपूरच्या एका वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वय ५७. खालच्या जबड्यात उजवीकडे, मागच्या दोन दाढांच्या जागी इम्प्लांट बसवून अकरा दिवस झाले. चौथ्या दिवसापासून दुखत नाही, सूज उतरली, टाकेही निघाले. हिरडीवर धातूची दोन बटणं दिसतात. त्यातलं मागचं जिभेनं दाबलं की किंचित फिरल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनी दात साडेतीन महिन्यांनी बसवू म्हणून सांगितलंय, पण ऑफिसातल्या एकाला इथेच नागपुरात चार दिवसांत दात मिळाले. मग आपले डॉक्टर उगाच लांबवताहेत का, दुसरीकडे जावं का? तीन आठवड्यांनी मुलीचं लग्न आहे आणि अजून खिचडी-शिऱ्यावरच दिवस काढणं सुरू आहे. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. रक्त पातळ करणारी रोजची छोटी गोळी रक्त जास्त जाऊ नये म्हणून ऑपरेशनच्या आधी स्वतःच बंद केली, ती अजून बंदच आहे. खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुन्याचं मिश्रण) आठ दिवस सोडला होता. आता दिवसातून दोनदा खातात, तोही डावीकडेच ठेवतात. हे चालेल का, आणि लवकर बरं व्हायला काय करावं?

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता उरकली आहे, आणि तिचा दातांशी संबंध नाही. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसानं रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनानं बंद करायची नसते, आणि बंद केलीच तर इतके दिवस तशी ठेवायची नसते. हे वाचून झाल्यावर पहिला फोन हृदयाच्या डॉक्टरांना करा. अमुक तारखेपासून अमुक गोळी बंद आहे, कधी आणि किती सुरू करू, एवढंच विचारा. राहिलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन-तीन गोळ्या एकदम घेऊ नका. तुमची गोळी बहुधा ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन असावी. एक-दोन इम्प्लांटसाठी ती सहसा बंद करावीच लागत नाही. रक्त थोडा जास्त वेळ झिरपतं, ते गॉज दाबून आणि टाके घालून थांबवता येतं. तोंडातलं रक्त डोळ्यांना दिसतं म्हणून माणूस घाबरतो, स्टेंटमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीत, धरणारी गुठळी मात्र कोणाला दिसत नाही. ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांनी गोळी ठेवायची की थांबवायची हे हृदयाचे आणि दातांचे डॉक्टर एकमेकांशी बोलूनच ठरवू द्यावं.

दुसरा फोन दातांच्या डॉक्टरांना, तोही आजच, त्या फिरणाऱ्या बटणासाठी. हिरडीवर दिसतं ते बटण म्हणजे इम्प्लांट नव्हे. इम्प्लांट खाली हाडात आहे: साधारण ८ ते १२ मिलिमीटर लांबीचा टायटॅनियमचा स्क्रू. बटण ही त्याच्या डोक्यात पिळून बसवलेली टोपी, डॉक्टर तिला हीलिंग कॅप म्हणतात. पुढे येणाऱ्या दाताभोवती हिरडीला नीट आकार यावा म्हणून ती असते. ही टोपी हातानं, हलकीच आवळलेली असते. त्यामुळे ब्रशच्या धक्क्यानं किंवा जिभेच्या चाळ्यानं ती सैल होते, आणि असं बऱ्याच जणांचं होतं. नुसती टोपी सैल असेल तर ती फिरते पण दुखत नाही. फार तर खाली अन्न अडकून वास येतो. क्लिनिकमध्ये छोट्या षटकोनी ड्रायव्हरनं दोन मिनिटांत ती पुन्हा आवळून देतात. इम्प्लांटच हलत असेल तर दाबल्यावर आत खोल कुठेतरी दुखतं. ते गंभीर आहे, पण घरी आरशासमोर उभं राहून या दोन्हींतला फरक नक्की करता येत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी हातानं पाहावं लागतं, कधी एक्स-रेही लागतो.

तोवर बोटानं आवळू नका, चिमटा लावू नका. जिभेनं दर पाच मिनिटांनी चाचपून बघणं हेही बंद करा, कारण सैल टोपी आणखी सैल व्हायला तेवढं पुरतं. टोपी निघून हातात आली तर धुऊन डबीत ठेवा आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठा. हिरडी ते छिद्र काही दिवसांत बुजवून टाकते, मग पुन्हा चिरा घ्यावा लागतो. टोपी गिळली गेली तर ती बहुतेक वेळा पोटातून निघून जाते. तरी डॉक्टरांना सांगाच. गिळताना जोराचा ठसका लागला, खोकला थांबेना, श्वास घरघरायला लागला तर दातांच्या दवाखान्यात न जाता सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात जा.

आता तुमच्या मूळ समजाकडे येतो. चौथ्या दिवशी दुखणं थांबलं म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांत सगळं पक्कं झालं असणार, असं तुम्ही धरून चालला आहात. तुमच्या जागी कोणीही असंच धरलं असतं. पण दुखत होती ती हिरडी आणि हाडावरचं पातळ आवरण, आणि त्यांची जखम आठवड्या-दीड आठवड्यात भरते. आतलं हाड त्याचं काम मुकाट्यानं करत असतं, आणि त्या कामाचं वेळापत्रक वेगळं आहे.

इम्प्लांट बसवतात तेव्हा तो लाकडात पिळलेल्या स्क्रूसारखा नुसत्या घट्टपणानं धरलेला असतो. ड्रिलनं दुखावलेला हाडाचा पातळ थर शरीर पुढच्या काही आठवड्यांत खाऊन टाकतं आणि त्याजागी नवं हाड घालतं. जुनं काढणं आधी, नवं भरणं नंतर, त्यामुळे मधला काही काळ पकड पहिल्या दिवसापेक्षाही कमी असते. हा काळ साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यातला. पत्र लिहिलंत तो अकरावा दिवस होता, हे वाचताना तुमचा तिसरा आठवडा लागला असेल. म्हणजे दुखत नाही, सूज नाही, घरचे म्हणताहेत आता खा की पोटभर, आणि इम्प्लांट आजवरच्या सगळ्यात नाजूक दिवसांत आहे. या काळात तो चावताना वारंवार ०.१ मिलिमीटरच्या वर हलत राहिला, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीइतका, तर त्याभोवती हाडाऐवजी मऊ तंतूंचा थर धरतो. तो थर एकदा धरला की इम्प्लांट हाडाला चिकटत नाही. मग तो काढायचा, हाड भरून येण्याची वाट पाहायची आणि सगळं पहिल्यापासून.

टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रेनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशांच्या हाडांवर काम करताना लक्षात आलं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. खालच्या जबड्याला सुमारे तीन महिने आणि वरच्या, जरा पोकळ हाडाला सहा महिने थांबायचं, ही त्यांच्याच पद्धतीतली मुदत. आता इम्प्लांटचे पृष्ठभाग सुधारलेत, बऱ्याच ठिकाणी ही मुदत कमीही झाली आहे. मधुमेह असलेल्या माणसाला खालच्या दाढांसाठी साडेतीन महिने सांगणारा डॉक्टर वेळ काढत नाहीये, जपून चालला आहे.

मग ऑफिसातल्या त्या गृहस्थांना चार दिवसांत दात कसे मिळाले? तेही खोटं नाही. काही जणांना सगळे दात एकदम बसवतात, तेव्हा चार-सहा इम्प्लांट एका पट्टीनं आपसात जोडलेले असतात आणि भार वाटला जातो. काहींना पुढचा एखादा दात दिसण्यापुरता लावतात, पण तो समोरच्या दाताला टेकणार नाही असा घासून. काही इम्प्लांटची घडणच वेगळी असते, ते हाडाच्या बाहेरच्या कठीण थरात रोवतात. त्यांच्या तोंडात काय बसवलंय हे जोवर तुम्हाला माहीत नाही, तोवर तुलना करता येत नाही. शिवाय मागची दाढ ही चावण्याचा सगळ्यात जास्त भार घेणारी जागा.

डॉक्टरांवर शंका आहे तर ती पोटात ठेवू नका, पुढच्या भेटीत नीट विचारा. इम्प्लांट बसवताना टॉर्क, म्हणजे पिळताना लागलेला जोर, किती मिळाला? लगेच दात द्यायचा विचार करायला साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटर किंवा जास्त लागतो. हाडाची भर घातली आहे का? घातली असेल तर मुदत वाढतेच. दात घेण्याआधी स्थिरता कशी तपासणार? काही दवाखान्यांत त्यासाठी एक यंत्र असतं, ते १ ते १०० मधला आकडा देतं. त्याला आयएसक्यू म्हणतात, आणि ७० च्या आसपास किंवा वर असणं चांगलं. या प्रश्नांना सरळ उत्तरं मिळाली तर दुसरा दवाखाना शोधायची गरज नाही. तरी दुसरं मत हवंच असेल तर मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे. जाताना एक्स-रे, सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) आणि औषधांची यादी घेऊन जा. मत जरूर घ्या, मात्र हा इम्प्लांट काढून दुसरा लगेच दात देणारा बसवतो, अशी ऑफर कोणी दिली तर तिथून निघा.

आता खिचडी-शिऱ्याबद्दल. मऊ खायला सांगितलं की आपल्या घरात भात, खिचडी, शिरा, साबुदाण्याची खीर आणि फळांचा रस सुरू होतो. यातलं जवळजवळ सगळं पिठूळ आणि गोड. मधुमेहात याच आठवड्यांत साखर वर जाते, आणि वाढलेल्या साखरेत जखम उशिरा भरते, जंतुसंसर्ग लवकर होतो, नवं हाड सावकाश धरतं. म्हणजे दातासाठी म्हणून जे खातो, तेच दाताच्या आड येतं. मऊपणा ठेवा, फक्त ताटातला भात निम्मा करून त्या जागी प्रथिनं आणा. वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला दिवसाला ७० ग्रॅम हा ढोबळ हिशोब. दोन अंड्यांतून १२, शंभर ग्रॅम पनीरमधून १८ च्या आसपास, घट्ट वरणाच्या वाटीतून ६-७ आणि दह्याच्या वाटीतून ५ ग्रॅम मिळतात. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा आधी डॉक्टरांना विचारून घ्या. अंड्याची भुर्जी, कुस्करलेलं पनीर, मुगाचं धिरडं, कढी, भाजलेल्या वांग्याचं भरीत, दुधी-आलूची मऊ भाजी, काटे काढलेला मासा, मऊ शिजवलेला खिमा हे सगळं तुम्हाला आजपासून चालेल. ज्वारीची भाकर सोडायला नको, वरणात किंवा ताकात कुस्करून भिजवा आणि तिची कडक पापुद्र्याची बाजू काढा. सावजी रस्सा तिखटापायी अजून काही दिवस टाळा. त्यानं इम्प्लांट बिघडत नाही, पण कोवळ्या हिरडीची आग आग होते आणि मग माणूस तीन दिवस तिथे ब्रश फिरवत नाही.

बटणाभोवती खरा त्रास देतात ते बारीक दाणे: मोहरी, तीळ, खसखस, शेंगदाण्याच्या कुटातले तुकडे, डाळिंबाच्या बिया. ते हिरडी आणि धातूच्या मधे शिरतात आणि बसून राहतात. म्हणून तुमच्या वाटच्या भाजीची फोडणी गाळून घ्या किंवा वेगळी करा. घन सगळं डावीकडून चावा. महिनाभर एकाच बाजूनं चावल्यावर त्या बाजूचा जबडा संध्याकाळी भरून येतो, त्यासाठी घास लहान घेणं पुरतं. रात्री दात खात असाल तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. झोपेतला तो दाब जेवणातल्या दाबापेक्षा मोठा असू शकतो, आणि त्याच्यासाठी रात्री घालायची पट्टी मिळते. त्या जागी काढता-घालता दात वापरत असाल तर तो बटणाला टेकता कामा नये. टेकत असेल तर डॉक्टर आतून घासून देतात.

एक सूचना मधुमेहाच्या सगळ्याच वाचकांसाठी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि तोंड दुखतंय म्हणून अर्धंच जेवलात तर साखर एकदम खाली येते. घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी असं झालं तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या, पंधरा मिनिटांनी साखर मोजा आणि गोळीचा डोस बदलायचा का ते डॉक्टरांना विचारा. तुम्ही या आठवड्यात उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासून घ्या. एचबीए१सी तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यात हे तीन आठवडे लपून जातील.

खर्रा. डावीकडे ठेवला तर चालेल का, असं विचारलंत. निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात जातं आणि रक्ताला डावं-उजवं नसतं. ते बारीक रक्तवाहिन्या आकसवतं, आणि नवं हाड घालायला लागणारा रक्तपुरवठा याच वाहिन्यांतून होतो. चुना कोवळी हिरडी भाजतो. सुपारीचा कडक तुकडा सरकत उजवीकडे गेला आणि नकळत बटणावर चावला गेला, तर आधी सांगितलेली ०.१ मिलिमीटरची मर्यादा एका घासात ओलांडली जाते. आणि एक गोष्ट बरेच जण ध्यानातच घेत नाहीत: सुपारीनं गालाची आतली कातडी आखडत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं. आत्ता आरशासमोर उभे राहा आणि आपल्याच हाताची तीन बोटं उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधे घालून पाहा. तीन बोटं सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील तर डॉक्टरांना आजच्याच फोनवर सांगा. शेवटच्या दाढेवर दात बसवताना ड्रायव्हर उभा आत न्यावा लागतो. तोंड तेवढं उघडलं नाही तर चांगला धरलेला इम्प्लांटही दाताविना पडून राहतो. तोंड आखडणं हा कॅन्सरच्या आधीचा टप्पाही असू शकतो, त्यामुळे इम्प्लांट बाजूला ठेवला तरी ही तपासणी करून घ्यायलाच हवी.

आठ दिवस सोडला होतात, म्हणजे जमतं. पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, तोंड रिकामं रिकामं वाटतं, ते तुम्ही पार करून आला होता. इम्प्लांटसाठी निदान पहिले दोन महिने पूर्ण बंद हवा. तलफेला तोंडात बडीशेपेची एक-दोन चिमूट उजवी बाजू सोडून ठेवा, खिशात पुडी बाळगू नका, आणि ठेल्यावर जाणाऱ्या मित्रांना तेवढ्या वेळात चहाला दुसरीकडे बोलवा. निकोटिनचं च्युइंगगम तुमच्यासाठी सोयीचं नाही, ते बटणाला चिकटतं आणि चावावंही लागतं. पॅच घ्यायचा का हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत मदतवाहिनी आहे: १८०० ११ २३५६. मिश्री किंवा तंबाखूचं मंजन लावणाऱ्या घरातल्या बायकांनाही हे सगळं तंतोतंत लागू आहे.

सफाई बऱ्याच जणांकडून उलटी होते. घाबरून जखमेच्या बाजूला ब्रशच नेत नाहीत आणि आठवडाभरात तिथे पांढरा थर साचतो. टाके निघाल्यावर एक्स्ट्रा सॉफ्ट ब्रश घ्या आणि बटणाचा माथा व कडा हिरडीकडून वरच्या दिशेनं, दाब न देता, जेवणानंतर पुसल्यासारख्या साफ करा. मागच्या बटणासाठी एकाच छोट्या गुच्छाचा ब्रश मिळतो, तो कोपऱ्यात बरोबर जातो. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश दिलं असेल तर १० मिलि, एक मिनिट, दिवसातून दोनदा, आणि टूथपेस्टनंतर किमान अर्धा तास सोडून. पेस्टमधल्या फेसाच्या घटकानं त्याचा गुण कमी होतो. दोन आठवड्यांच्या पुढे ते आपणहून चालू ठेवू नका, दात तपकिरी होतात आणि तोंडाची चव जाते. त्यानंतर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ घालून गुळण्या करा. लाल दंतमंजन, खाण्याचा सोडा, लिंबू-मीठ यातलं काही बटणाला घासायचं नाही. लवंगाचं तेल हिरडीवर थेट लावलं की भाजतं. जखमेत हळद दाबणाऱ्या आजीला म्हणावं, हळद दुधात द्या.

ज्यांचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे त्यांच्यासाठी पहिले तीन दिवस थोडक्यात. गॉज अर्धा ते एक तास दाबून ठेवायचा. पहिल्या दिवशी गुळणी नाही, थुंकणं नाही. लाळ गिळावी, त्यातलं लालसरपण पाहून घाबरू नये. स्ट्रॉनं उसाचा रस, बर्फाचा गोळा चोखणं, चिलीम-सिगारेट, तोंडात ओढून घेण्याचं काहीच नाही, कारण त्या ओढीनं जखमेवरची रक्ताची गाठ सुटते. बर्फ सुती फडक्यात गुंडाळून गालावर १५ मिनिटं ठेवा, १५ मिनिटं काढा, झोपेपर्यंत. शेक देण्याची घाई नको, पहिल्या दोन दिवसांत शेकलं तर सूज वाढते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. गालावर हिरवट-पिवळा डाग येऊन तो मानेकडे उतरतो, त्यात काळजीचं काही नाही. डोकं दोन उशांवर ठेवा. उन्हाळ्यात ऑपरेशन असेल तर आपल्याकडच्या ४५ अंशांत तोंड दुखतंय म्हणून पाणी कमी पिऊ नका, ग्लासानं घोट घोट घेत राहा. दुखण्याची गोळी दिली असेल तीच घ्या, बधिरपणा उतरायच्या आधी, पोटात काही घालून. हृदयरोग, किडनी, अल्सर किंवा दमा असलेल्यांनी आयब्युप्रोफेन वा डायक्लोफेनॅक मेडिकलमधून आपल्या मनानं आणू नये. अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर आयब्युप्रोफेन तिच्या कामात आडवीही येते. अँटिबायोटिक चिठ्ठीवर असेल तेवढे दिवस पूर्ण घ्या, आणि चिठ्ठीवर नसेल तर शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या मागू नका. वरच्या मागच्या दाढेसाठी सायनस, म्हणजे नाकाशेजारच्या हाडातल्या पोकळीचा तळ, उचलला असेल तर दोन-तीन आठवडे नाक शिंकरायचं नाही आणि शिंक तोंड उघडं ठेवून द्यायची.

दवाखान्यात कधी धावायचं? तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरण्याऐवजी वाढते, थांबलेलं दुखणं परत येतं, पू किंवा सतत घाण चव येते, ताप १०१ च्या वर जातो, किंवा दाबूनही रक्त थांबत नाही. खालच्या जबड्याच्या इम्प्लांटनंतर दुसऱ्या दिवशी सकाळीही ओठ किंवा हनुवटी बधिर असेल तर "उतरेल हळूहळू" म्हणत थांबू नका. इम्प्लांट नसेवर दाब देत असेल तर तो पहिल्या एक-दोन दिवसांत काढण्याचा उपयोग होतो, पंधरा दिवसांनी तेवढा होत नाही. जिभेखाली किंवा गळ्यात सूज येऊन गिळायला, श्वास घ्यायला जड जात असेल तर रात्र असली तरी मेडिकल किंवा मेयो हे सरकारी हॉस्पिटल गाठा.

लग्नाच्या दिवशी तुमचा पाचवा आठवडा चालू असेल. उतार संपून पकड पुन्हा वाढायला लागलेली असते, पण चावण्याइतकी नाही. खालच्या मागच्या दाढा फोटोत दिसत नाहीत, त्यामुळे दिसण्यासाठी घाई करायचं काही कारण उरत नाही. वरात, नाच, प्रवास सगळं करा. घरून पोटभर खाऊन निघा, कारण लग्नघरच्या बापाला ताटावर बसायला चार वाजतात आणि गोळी मात्र वेळेवर घेतलेली असते. पंगतीत वरण-भात, कढी, गोळाभात, भरीत, रस्सा निथळून घेतलेली पातोडी खुशाल घ्या. सांबारवडीचं कुरकुरीत आवरण, पापड, मसाला काजू आणि तर्री-पोह्यांवरचा चिवडा नको. विडा हातात येईलच, आणि सुपारी त्यात असतेच, तेव्हा हसून घ्या आणि जावईबापूंकडे सरकवा. खिशात छोटा ब्रश असू द्या.

साडेतीन महिन्यांनी एक्स-रे निघेल, माप घेतलं जाईल आणि साधारण आठ-पंधरा दिवसांत दात बसेल. बसल्यावर पहिले काही आठवडे भार हळूहळू वाढवा. आपल्या मूळ दाताच्या मुळाभोवती स्नायूबंधाची एक गादी असते, ती जास्त दाब झाला की इशारा देते. इम्प्लांटला ती नाही, म्हणून खडा चावला गेला तरी कळत नाही, आणि भोवतीचं हाड झिजत गेलं तरी दुखत नाही. ब्रश करताना रक्त येणं हाच पहिला इशारा, त्यासाठी दर सहा महिन्यांनी दाखवायचं. आणि डॉक्टरांकडून इम्प्लांटच्या खोक्यावरचं स्टिकर मागून फाइलला लावा: कंपनी, व्यास, लांबी आणि लॉट नंबर असलेलं. दहा वर्षांनी मुलीकडे पुण्याला असताना दात सैल झाला, तर तिथल्या डॉक्टरांना कुठला ड्रायव्हर लागेल हे त्यावरूनच कळेल.